डाव्या बाहीवरचा बॅज

नमस्कार श्रोतेहो. आपल्या विदर्भातल्या शाळा उन्हापायी बाकी महाराष्ट्राच्या मागून उघडतात. उघडल्या की पंधरा दिवसांत स्काऊट-गाईडची नोंदणी होते, आणि मग घरोघरी तोच प्रसंग. पोरगं कापडी बॅज घेऊन येतं, माय सुईदोरा घेऊन बसते आणि विचारते, "हा लावू कुठं?" पोराला आठवत नाही. मग अंदाजानं कुठंतरी टाचला जातो. आज त्याबद्दलच बोलतो.

आधी डावं-उजवं पक्कं करा. डावं म्हणजे शर्ट घालणाऱ्याचं डावं. शर्ट समोर अंथरून बसलात की उलटं होतं, म्हणून पोराच्या अंगात घालून खडूनं खूण करा आणि मगच टाचा.

डाव्या खिशाच्या मधोमध सदस्यता बॅज. उजव्या खिशाच्या मधोमध जागतिक बॅज. डाव्या बाहीवर सोपानाचा, म्हणजे पोरगं शिक्षणाची जी पायरी चढलं तिचा बॅज. उजव्या बाहीवर प्रावीण्याचे बॅज. पुन्हा सांगतो. डावा खिसा सदस्यता, उजवा खिसा जागतिक. डावी बाही सोपान, उजवी बाही प्रावीण्य.

सदस्यता बॅज हिरव्या कापडावर पिवळा असतो. त्यात मुलांच्या चळवळीची तीन पाकळ्यांची लिली आणि मुलींच्या चळवळीचं त्रिदल एकावर एक आहेत, आणि मध्ये अशोकचक्र. ७ नोव्हेंबर १९५० ला आपल्या देशातल्या स्काऊट संघटना एक झाल्या आणि भारत स्काऊट्स आणि गाईड्स उभी राहिली. पुढच्या वर्षी गाईडची संघटनाही तिच्यात आली. म्हणून दोन्ही चिन्हं एकाच कापडावर. जागतिक बॅज जांभळा, त्यावर पांढरी लिली, भोवती दोर आणि खाली रीफ नॉटची गाठ. लिलीच्या तीन पाकळ्या म्हणजे स्काऊटच्या वचनाचे तीन भाग. गाईड मुलींचा जागतिक बॅज वेगळा, निळ्यावर सोनेरी त्रिदल. तो मुलांच्या बॅजशी बदलू नका.

आता डावी बाही. प्रवेश हा पहिला टप्पा पूर्ण करून दीक्षा झाली, म्हणजे पोरानं वचन घेतलं, की गणवेश आणि सदस्यता बॅज मिळतो, पण तेव्हा डावी बाही रिकामीच असते. पुढं प्रथम सोपान, द्वितीय, तृतीय, मग राज्य पुरस्कार, आणि शेवटी राष्ट्रपती पुरस्कार. वरचा मिळाला की खालचा उतरवायचा. सगळे एकाखाली एक लावत नाहीत.

या डाव्या बाहीची एक गोष्ट मी प्रत्येक शिबिरात सांगतो. आज तुम्हालाही सांगतो.

दारव्हा तालुक्यातल्या एका शाळेत मी पथक चालवत होतो. त्यात कास्तकाराची दोन भावंडं आली, एकामागून एक. थोरला चुणचुणीत होता. द्वितीय सोपान मिळवला, संघनायक म्हणजे पथकातल्या एका लहान गटाचा म्होरक्या झाला, डाव्या खिशावर सदस्यता बॅजच्या दोन्ही बाजूंना संघनायकाच्या दोन पांढऱ्या उभ्या पट्ट्या लागल्या. मग तो कॉलेजला तालुक्याला गेला आणि त्याचा शर्ट धाकट्याकडं आला. शर्ट राखाडी, पण उन्हात वाळून वाळून फिकट पडलेला. आपलं ऊन काय असतं ते तुम्हाला सांगायला नको, मे महिन्यात पारा ४५ च्या वर.

(इथं मनातलं बोलून घेतो. ज्या मुलखात एवढी पऱ्हाटी पिकते, त्या मुलखाच्या पोरांनी टेरिकॉटच्या शर्टात भर उन्हात कवायत करावी, हे मला पटत नाही. रंग नियमाप्रमाणं ठेवा, पण कापड सुती घ्या. शर्ट चुरगळेल, इस्त्री करावी लागेल, करा. पोराच्या अंगाला वारा लागेल.)

तर, धाकट्याची नुकतीच दीक्षा झालेली. जिल्हा मेळावा जवळ आला. आदल्या आठवड्यात त्याची आजी शर्ट घेऊन शाळेत आली. ओसरीवर बसली आणि बाही माझ्यापुढं धरली. द्वितीय सोपानाचा बॅज अजून तिथंच होता, पट्ट्याही होत्या.

"गुरुजी, हे ठेवू का काढू?"

मी काही बोलायच्या आत आमच्यातलेच एक जण म्हणाले, "राहू द्या आजी, काढलं तर डाग दिसेल, मेळाव्यात गणवेशाचे गुण जातील."

आजीनं त्यांच्याकडं पाहिलं. म्हणाली, "थोरल्याची कमाई धाकट्याच्या बाहीवर कायले जी?"

आणि तिथंच बसून तिनं दोरा उसवायला घेतला. कात्री मागितली नाही. सुईच्या टोकानं एकेक टाका उचलायची, ओढायची, बाजूला ठेवायची. घाई नाही. बॅज निघाला तेव्हा खालचं कापड नव्यासारखं गडद होतं, भोवतीचं सगळं विटलेलं. खिशावर तशाच दोन उभ्या गडद रेघा.

मेळाव्यात तपासणीला बाहेरगावचे अधिकारी आले. रांगेत एकेकापुढं थांबत होते. या पोरापुढं थांबले, बाहीकडं पाहिलं.

"तुझा बॅज पडला का रे?"

पोरगा सावधानमध्ये. "नाही सर. तो माह्या भावाचा व्हता."

"मग तुझा?"

"म्या अजून मिळवला नाही सर."

रांगेत मागं उभा असलेला मी, मला तर धडधड होत होती. ते गृहस्थ क्षणभर थांबले, म्हणाले, "शाब्बास, गणवेश बरोबर आहे," आणि पुढं सरकले. त्या दिवशी आमच्या पथकाला गणवेशात पैकीच्या पैकी गुण मिळाले. पुढं या धाकट्यानं थोरल्याला मागं टाकून राज्य पुरस्कारापर्यंत मजल मारली, आणि दर वेळी बॅज टाचायला त्यानं आजीचीच सुई घेतली. टाचला मात्र स्वतः.

हे मी मुद्दाम सांगतो. बॅज पोरांनीच टाचावा. दहा-अकरा वर्षांच्या पोराला सुईत दोरा ओवता आला पाहिजे, बटण लावता आलं पाहिजे, मुलगी असो की मुलगा. सेफ्टी पिन लावलेला बॅज मला खपत नाही. धावताना टोचतो, आणि धुताना गंजाचा डाग पडतो.

उजव्या बाहीचंही असंच. तिथं प्रावीण्याचे बॅज येतात, स्वयंपाक, सायकल, प्रथमोपचार वगैरे. एकेक बॅज परीक्षा देऊन मिळतो. दुकानात तयार बॅज विकत मिळतात हे खरं, पण बॅज बाहीवर यायचा तो परीक्षा झाल्यावरच. भावाचा, मित्राचा, शाळेत उरलेला, कोणताही चालत नाही. पुन्हा सांगतो, चालत नाही.

मापाचं थोडक्यात. बाहीवरचा बॅज खांदा आणि कोपर यांच्या मध्ये, बाहेरच्या बाजूला, समोर नाही. खिशावरचा बॅज खिशाच्या झाकणाखाली दडू देऊ नका. दोरा बॅजच्या काठाच्या रंगाचा घ्या, टीप बारीक घाला. आणि टाचण्याआधी शर्ट एकदा धुऊन घ्या, नवं कापड आटतं आणि बॅज चुण्या धरतो.

एक शेवटचं. संघनायकाच्या पट्ट्या पद सोडलं की उतरवायच्या. पुष्कळ ठिकाणी वर्षभर तशाच राहतात, आणि नव्या संघनायकाला वाटतं आपल्याला कोणी मानत नाही. या शनिवारी संघाची बैठक असेल तेव्हा पट्ट्या सगळ्यांसमोर उतरवा, आणि सगळ्यांसमोरच नव्या पोराला द्या. धन्यवाद, नमस्कार.