भुंगेऱ्याचे पाय दाखवा

[पडदाभर काळी, चकचकीत पाठ. तिच्यावर चार लाल डाग.]

हा फोटो मला फार आवडतो. पाठीवर एक ओरखडा नाही, लाल रंग कसा ताजा, मागचं पान धूसर होऊन नुसता हिरवा रंग उरलाय. काढणाऱ्याला शाबासकीच द्यायला हवी. पण हा भुंगेरा कोणता, असं विचारलंत तर मला गप्प बसावं लागेल. कारण फोटोत आहे ती पाठ. फक्त पाठ.

भुंगेऱ्यांच्या सुमारे ४ लाख जातींना आजवर नावं मिळाली आहेत. नाव असलेल्या सगळ्या प्राण्यांच्या जाती एका रांगेत उभ्या केल्या, तर साधारण दर चौथी जात भुंगेऱ्याची निघेल. एवढ्या गर्दीत ‘गोलसर, काळा, लाल ठिपक्यांचा’ एवढ्या खुणेवर कुणाला शोधणार?

तेव्हा नावाची घाई नको. आधी एवढंच बघू, की समोरचा किडा भुंगेरा आहे तरी का.

[पाठीच्या मधोमध सरळ रेघ. कॅमेरा तिच्यावरून हळूहळू सरकतो.]

भुंगेऱ्याला पंखांच्या दोन जोड्या असतात. पुढची जोडी टणक होऊन तिची ढाल झालेली असते आणि उडायचे पातळ पंख तिच्याखाली घडी घालून ठेवलेले असतात. या दोन ढाली पाठीच्या मधोमध एकमेकींना भिडतात, त्यामुळे तिथे सरळ शिवण दिसते. या गणाचं शास्त्रीय नाव कोलिऑप्टेरा. ग्रीक भाषेत त्याचा अर्थच ‘म्यानातले पंख’.

ढेकणाच्या गणातल्या पंखवाल्या किड्यांची तऱ्हा वेगळी. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचा पुढचा पंख अर्धा जाड आणि अर्धा पडद्यासारखा असतो, आणि डावा-उजवा पंख एकमेकांवर चढतात. शिवणीच्या जागी फुली दिसते. झुरळाचेही पंख एकावर एक.

इथे मी स्वतः तोंडावर आपटलोय. हिरवा, तांब्या-पितळेच्या भांड्यासारखा लखलखणारा एक किडा होता. त्या फोटोखाली ‘रत्न भुंगेरा’ असं लिहून मी वर्षभर मिरवलं. मग एकदा सहज फोटो मोठा करून पाहिला, तर पाठीवर शिवणच नाही! सगळी पाठ एकाच अखंड कवचानं झाकलेली. तो ढेकणाच्या गणातला निघाला. या गणात छातीच्या मागच्या कडेला एक त्रिकोण असतो. काही किड्यांत तो वाढत वाढत पार शेवटापर्यंत पोचतो आणि पंख त्याच्याखाली लपतात. पोटाकडून एक फोटो काढला असता, तर पायांच्या मधून मागे वळवून ठेवलेली रस शोषायची सोंड तेव्हाच दिसली असती. भुंगेऱ्याला चावणारे जबडे असतात. सोंडकिडा हाही भुंगेराच, आणि त्याला लांब सोंड असते हे खरं, पण त्या सोंडेच्या टोकाशीसुद्धा छोटे जबडेच असतात.

आखूड ढाली आणि उघडं पोट दिसलं की लोक गडबडतात. त्यासाठी शेपटाकडे बघायचं. तिथे चिमटा असेल तर तो भुंगेरा नाही.

[पानावर चालणारे पाय. एक पाऊल पडदाभर मोठं होतं.]

आता पाय. माझं मत विचाराल तर भुंगेऱ्याची निम्मी ओळख पावलात असते, आणि फोटोत सगळ्यात आधी कापलं जातं तेही पाऊलच.

पावलाला बोटासारखी पेरं असतात. बऱ्याच भुंगेऱ्यांच्या सहाही पावलांना पाच-पाच पेरं. काही कुळांत पुढच्या आणि मधल्या पायांना पाच, मागच्या पायांना चार. जमिनीवर दिसणारे दोन काळे भुंगेरे एकमेकांचे जुळे भाऊ वाटतात. त्यातला एक चपळ शिकारी, दुसरा कुजकं-वाळकं खाणारा. शिकाऱ्याचं पाऊल मागेही पाच पेरांचं, दुसऱ्याचं मागे चार पेरांचं. पेरं मोजली की वाद मिटतो. एत्येन लुई जोफ्रुआ या फ्रेंच कीटकतज्ज्ञाने १७६२ मध्येच भुंगेऱ्यांची विभागणी पेरांच्या संख्येवरून करून दाखवली होती. तेव्हा ना मॅक्रो लेन्स होती, ना फ्लॅश.

मोजणं मात्र वाटतं तितकं सरळ नाही. पानं खाणारे भुंगेरे, लांब मिशांचे भुंगेरे आणि सोंडकिडे यांच्या पावलात पेरं असतात पाच, दिसतात चार. तिसरं पेर मधोमध चिरलेलं असतं, आणि चौथं इवलंसं पेर त्या फटीत दडून बसतं. लेडीबर्डमध्येही हाच लपंडाव आहे. तिची पेरं चार, आणि दिसतात तीन.

म्हणूनच लाल, गोल, ठिपकेदार भुंगेरा दिसला की लगेच ‘लेडीबर्ड’ म्हणू नये. पानं खाणाऱ्यांतही असे बरेच आहेत. वरून बघितलं तर फसगत ठरलेली. बाजूनं बघितलं, तर लेडीबर्डच्या मिशा आखूड आणि टोकाशी फुगीर दिसतील. पानं खाणाऱ्याच्या मिशा बहुधा लांब, मण्यांच्या किंवा दोऱ्यासारख्या. आणि पावलाचं गणित आहेच.

[एकामागून एक: पंख्यासारखी मिशी, करवतीसारखी मिशी, कोपरात वाकलेली मिशी.]

मिशा, म्हणजे शास्त्राच्या भाषेत शृंगिका. भुंगेऱ्यांत त्यांची पेरं बहुधा अकरा, पण घडण किती तऱ्हांची! शेणकिड्याच्या मिशीच्या टोकाला पंख्यासारख्या उघडमीट करणाऱ्या पात्या असतात. सोंडकिड्याची मिशी सोंडेतून निघते आणि कोपरासारखी वाकते. हा तिसरा बघा. पालथा पडला की टक्क आवाज करत हवेत उडी मारणारा. याची मिशी बारीक करवतीसारखी, आणि छातीच्या ढालीचे मागचे दोन्ही कोपरे काट्यासारखे टोकदार. तेवढे कोपरे दिसले तरी कुळ सांगता येतं.

[हिरवा भुंगेरा. कोन बदलतो, तसा तो तांबूस होतो.]

मग रंग कशाला? रंग बघावा, पण त्याच्या भरवशावर राहू नये. धातूसारखी चमक पुष्कळदा रंगद्रव्याची नसतेच. कवचात अतिशय पातळ थर एकावर एक रचलेले असतात, त्यांच्यावरून परतणारा प्रकाश आपल्याला हिरवा दिसतो. कोन बदलला की रंगही बदलला. कासवासारख्या दिसणाऱ्या काही भुंगेऱ्यांचं सोनं तर मेल्यावर उतरून जातं. कवचातला ओलावा गेला, की मागे राहतो मळकट तपकिरी किडा.

[फिकट पिवळा, ठिपके नसलेला भुंगेरा.]

ही सात ठिपक्यांची लेडीबर्ड आहे. हो, हीच! कोषातून नुकतीच बाहेर आली आहे. ठिपके काही तासांत उमटतील, लाल रंग गडद व्हायला आणखी बराच वेळ लागेल. या वेळी तिचा फोटो काढणाऱ्याला वाटतं, नवीन जात सापडली. ठिपके मोजून वय कळतं असंही काही जण म्हणतात. नाही कळत. ठिपके वयाप्रमाणे वाढत नाहीत.

कॅमेराही आपल्या परीने गोंधळ घालतो. चकचकीत पाठीवर फ्लॅश पडला की पांढरा डाग दिसतो, आणि बघणारा तो नक्षीत मोजतो. फ्लॅशपुढे पांढरा पातळ कागद धरला तरी निम्मा त्रास जातो. कधी अंगावर नारिंगी गोळे दिसतात. ते बहुधा दुसऱ्याच्या पाठीवर बसून फुकट प्रवास करणारे माइट्स नावाचे बारीक जीव. लेडीबर्डच्या पंखांच्या कडेला पिवळसर बोटांसारखं काही उगवलेलं असेल, तर ती एक बुरशी असू शकते.

आणि आकार? जवळून काढलेल्या फोटोत सगळेच हत्तीएवढे. दक्षिण अमेरिकेतला टायटन भुंगेरा १६ सेंटिमीटरच्या पुढे जातो. पिसासारख्या पंखांचा सगळ्यात छोटा भुंगेरा ०.३२५ मिलिमीटरचा, टिंबाहून लहान. दोघांनाही पडदा सारखाच पुरतो. म्हणून एका फोटोत तरी शेजारी पट्टी ठेवावी.

सगळ्यात जास्त नडते ती फोकसची खोली. लेन्सनं किडा खऱ्या आकाराएवढा टिपला, तर लेन्सचं छिद्र एफ/११ एवढं बारीक केलं तरी जेमतेम सव्वा मिलिमीटर भाग स्पष्ट येतो. भुंगेरा घुमटासारखा. घुमटाचा माथा फोकसमध्ये घेतलात की डोकं, मान, पाय सगळं धुक्यात. थोडं थोडं पुढे सरकत पाच-पंचवीस फोटो काढून ते एकत्र जोडता येतात, पण त्यासाठी भुंगेरा जागेवर थांबायला हवा. तो थांबत नाही. त्यापेक्षा चार बाजूंनी चार साधे फोटो काढावेत. वरून, बाजूनं, समोरून आणि जमलं तर पोटाकडून.

[समोरून घेतलेला चेहरा. डोळा मिशीच्या मुळाभोवती वळलेला.]

समोरून का, तर यासाठी. नारिंगी अंग, काळं टोक. चवीला वाईट असलेल्या एका कुळाचा हा गणवेश. पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. पण या फोटोतला डोळा बघा. मूत्रपिंडाच्या आकाराचा, मिशीच्या मुळाला मिठी मारून बसलेला. हा लांब मिशांच्या कुळातला सोंग घेतलेला गडी आहे. पक्ष्यांना फसवणारा हा वेष फोनमधल्या ॲपलाही फसवू शकतो. ॲपचं उत्तर मी शेजाऱ्याच्या सल्ल्यासारखं ऐकतो. कुळापर्यंत ते बऱ्याचदा कामाचं असतं. जातीपर्यंत गेलं की आधी पाय दाखव म्हणतो.

काही भुंगेरे तर कितीही चांगल्या फोटोला दाद देत नाहीत. नराचं जननांग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय त्यांच्या जाती वेगळ्या करता येत नाहीत. अशा वेळी वंशाचं नाव लिहून पुढची जागा मोकळी सोडावी. मोकळ्या जागेनं कुणी दुखावत नाही. चुकीचं नाव मात्र शंभर फोटोंखाली जाऊन बसतं.

[पुन्हा पहिला फोटो. काळी पाठ, चार लाल डाग.]

आता आपला हा. शिवण आहे, म्हणजे भुंगेरा. फोटो काढणाऱ्याकडून बाजूचा आणखी एक फोटो मिळाला, त्यात आखूड, टोकाशी फुगीर मिशी दिसली. लेडीबर्ड. पुढे मात्र दोन उमेदवार उरले. एक हार्मोनिया ॲक्सिरिडिस, जिची शंभराहून जास्त रूपं नोंदली आहेत: नारिंगी, बिनठिपक्यांची, एकोणीस ठिपक्यांची आणि अशीही, काळ्यावर चार लाल. दुसरी ॲडेलिया बायपंक्टाटा. नावाचा अर्थ ‘दोन ठिपक्यांची’, आणि तिचंही एक रूप काळ्यावर चार लाल डागांचं! पहिली ५ ते ८ मिलिमीटरची, दुसरी त्याहून लहान. पण शेजारी पट्टी नव्हती. मानेवरची पांढरी कड बघावी, तर फोकस पाठीच्या माथ्यावर. दुसरीचे पाय काळे असतात, पहिलीचे बहुतेकदा तपकिरी. दोन्ही फोटोंत पाय अंगाखाली ओढून घेतलेले.

कुळापुढची जागा मोकळी राहिली.

[हललेला, अस्पष्ट फोटो. ढाली उघडलेल्या, पंख पसरलेले.]

हा त्याच दिवसाचा शेवटचा फोटो. काढणाऱ्यानं तो पाठवलाच नव्हता. खराब आलाय, राहू दे, म्हणाला. मी मागून घेतला. भुंगेरा उडण्याच्या बेतात आहे, ढाली वर उचललेल्या, अर्धं अंग फ्रेमच्या बाहेर. पोटाची कड तांबूस. आणि खाली लोंबणारे तीन पाय, हललेले, पण रंग स्पष्ट.

तपकिरी.

[फोटोखाली अक्षरं उमटतात: हार्मोनिया ॲक्सिरिडिस.]