शनिवारचा बंद घाणा

हा अलिबागजवळचा नवगावचा किनारा. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या घरांत पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत, की पूर्वजांचं गलबत इथेच खडकावर फुटलं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेल्यांना गावातच पुरलं. ती दफनभूमी आजही इथे आहे.

वाचलेली माणसं कोकणात गावोगाव पांगली. रोह्याचे रोहेकर झाले, पेणचे पेणकर, किहीमचे किहीमकर. घरात मराठी आली, बायका लुगडं नेसू लागल्या, पोटासाठी तेलाचा घाणा धरला. धर्मग्रंथ जवळ नव्हता. हिब्रू विसरली. देव एकच आहे असं सांगणारी 'शमा इस्रायल' ही प्रार्थना तेवढी तोंडात राहिली. सुंता असो, लग्न असो, मयत असो, म्हणायची तीच.

आणि शनिवारी घाणा फिरायचा नाही. गावाने त्यांना नावच ठेवलं, शनिवार तेली.

शनिवारची ही विश्रांती म्हणजे शब्बाथ. सीनाय पर्वतावर मोशे या प्रेषिताला देवाकडून मिळालेल्या दहा आज्ञांपैकी ही एक. ज्यू परंपरा तोरातल्या, म्हणजे आपल्या मूळ धर्मग्रंथातल्या, एकूण आज्ञा 613 मोजते: काय करावं हे सांगणाऱ्या 248, काय करू नये हे सांगणाऱ्या 365. खून करू नको, चोरी करू नको, खोटी साक्ष देऊ नको, हे कुठलाही समाज सांगेल. शब्बाथच्या आज्ञेत मात्र सुट्टी कुणाकुणाला, हे एकेक करून सांगितलंय. तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, चाकर, दासी, बैल, गाढव, आणि तुझ्या वेशीच्या आत राहणारा परकासुद्धा. पुढे कारणही आहे: मिसर देशात (इजिप्तमध्ये) तू स्वतः गुलाम होतास, हे विसरू नको. गुलामाला सुट्टी नसते. ते ज्याने भोगलं, त्याने मालक झाल्यावर दुसऱ्याला तसं राबवायचं नाही. इतक्या जुन्या काळी कुणीतरी गड्याच्या आणि बैलाच्या विसाव्याला देवाची आज्ञा केलं, ही आम्हाला फार मोठी गोष्ट वाटते.

आता ही आज्ञा घाण्यापाशी आणून बघा. डोळ्यांवर झापड बांधलेला बैल दिवसभर त्याच रिंगणात फिरतोय, घाण्याची लाकडी लाट करकरतेय. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत त्याच्या मानेवरचं जू उतरायचं, ते शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत पुन्हा चढवायचं नाही. मालक प्रार्थनेला बसला आणि गडी घाणा हाकत राहिला, तर शब्बाथ मोडला. तोरात बैलासाठी आणखी एक आज्ञा आहे: मळणीला जुंपलेल्या बैलाला मुसकं बांधू नको, त्याला खाऊ दे. वैऱ्याचं गाढव ओझ्याखाली बसलं, तर पाठ फिरवून जाऊ नको, हात लाव. आणि कुणाच्या जिवावर बेतलं असेल, तर शब्बाथ बाजूला ठेवून आधी जीव वाचवायचा, असा धर्मपंडितांचा निर्वाळा आहे.

या घरांचं स्वयंपाकघरही आज्ञेनेच चालतं. मांसाबरोबर दूध चालत नाही, म्हणून मटणात नारळाचं दूध. शुक्रवारी संध्याकाळी आशीर्वादाला काळ्या मनुकांचं सरबत. मासा खवल्यांचा आणि परांचा हवा; कोलंबी, खेकडे, मुशी वर्ज्य. दावीद रहाबी नावाचा एक ज्यू कोकणात आला, त्याची गोष्ट सांगतात. त्याने बायकांपुढे नाना तऱ्हेचे मासे ठेवले. त्यांनी खवल्यांचे तेवढे उचलले, आणि हे आपलेच लोक अशी त्याची खात्री पटली.

ग्रंथ पुढे आले. 1796 साली सामुएल दिवेकर यांनी मुंबईत बेने इस्रायलींचं पहिलं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर, बांधलं. 1874 साली पुण्यात मिसरच्या गुलामीतून सुटका झाल्याची आठवण करणाऱ्या पेसाह सणाची पोथी मराठी अर्थासह छापली गेली. तिच्यातल्या चित्रांत बायका नऊवारीत बिनखमिराच्या भाकरी करताना दिसतात.

1948 साली इस्रायल देश झाला, त्यानंतर बहुतेक जण तिकडे गेले. तिथल्या धर्मपीठाने विचारलं, इतकी शतकं दूर राहिलेल्या या लोकांची लग्नं आणि काडीमोड धर्माच्या नियमाने झाले कशावरून? आणि लग्नाआधी त्यांच्या वंशाची चौकशी करायची अट घातली. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी ग्रंथ हाताशी नसताना शनिवार पाळला, त्यांनाच आपण ज्यू असल्याचं सिद्ध करायला लागावं, हा अन्याय होता. ते रस्त्यावर उतरले, धरणं धरून बसले. 1964 साली सरकारने ते सर्व बाबतींत ज्यू असल्याचं जाहीर केलं, आणि त्यांचं नाव घेऊन घातलेली अट धर्मपीठाला मागे घ्यावी लागली.