गाडीतली पाच मीटर केबल

[दृश्य: धारदार पातं. कापलेल्या केबलचं तोंड, अगदी जवळून]

ही कोॲक्सियल केबल. गाडीतला हौशी (हॅम) रेडिओचा संच आणि गाडीवरचा अँटेना यांना ती जोडते. मधोमध तांबं. त्याभोवती पांढरं प्लॅस्टिक, त्यावर विणलेली तांब्याची जाळी आणि सगळ्यात बाहेर काळं आवरण. ऑलिव्हर हेविसाइड यांनी १८८० साली इंग्लंडमध्ये या रचनेचं पेटंट घेतलं. साहित्य बदलत गेलं, रचना तीच राहिली. रेडिओची लहर मधली तार आणि जाळी यांच्यामधल्या प्लॅस्टिकमधून पुढे जाते. धातूत ती जेमतेम शिरते. १४५ मेगाहर्ट्झवर तांब्याचा वरचा साडेपाच मायक्रॉनचा थर तेवढा कामाला येतो. जाळी दाट असेल तर आतलं आत राहतं आणि इंजिनाची खरखर बाहेर राहते.

[दृश्य: चार केबली शेजारी शेजारी, खाली मोजपट्टी]

डावीकडून बघा. आरजी-१७४, जाडी २.८ मिलिमीटर. आरजी-५८, ५ मिलिमीटर. तिसरी एलएमआर-२४०, ६ मिलिमीटर, आत फेसाळ प्लॅस्टिक. आणि शेवटची ही दांडगी आरजी-२१३, १० मिलिमीटरहून किंचित जास्त. चारही ५० ओहम इम्पिडन्सच्या (लहरीच्या व्होल्टेज आणि करंट यांचं गुणोत्तर), कारण हौशी रेडिओचे संच आणि गाडीवरचे अँटेना त्याच हिशेबाने बनतात. टीव्हीची केबल ७५ ओहमची, ती इथे नकोच. आरजी हे नाव दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी लष्कराचं. त्यांच्या यादीतला क्रमांक पुढे जगभर रूढ झाला. ती जुनी यादी केव्हाच बाद झाली, पण क्रमांक छापणं थांबलं नाही.

[दृश्य: दोन केबलींचं आवरण सोललेलं. एकीची जाळी घट्ट, दुसरीची विरळ]

त्याचा परिणाम पडद्यावर आहे. दोन्हींवर आरजी-५८ छापलंय. वरच्या केबलमध्ये जाळीने जवळजवळ सगळं प्लॅस्टिक झाकलंय. चांगल्या आरजी-५८मध्ये हे प्रमाण ९५ टक्क्यांच्या आसपास असतं. खालच्या केबलमध्ये मात्र जाळीतून पांढरं प्लॅस्टिक सरळ दिसतंय. छापील नावापुढे ‘टाइप’ असा शब्द दिसला तर खरेदीआधी वीतभर तुकडा मागून घ्या आणि सोला. पाच मिनिटांचं काम आहे.

[दृश्य: वॉटमीटर. आधी संचाच्या तोंडाशी, मग केबलच्या दुसऱ्या टोकाला, पुढे डमी लोड, म्हणजे अँटेनाऐवजी शक्ती जिरवणारा रोध]

आता ज्यावरून सगळे वाद होतात ते लॉसचं, म्हणजे केबलमध्ये वाटेत जिरणाऱ्या शक्तीचं कोष्टक. संचाच्या तोंडाशी ५० वॉट. पाच मीटर आरजी-५८ पार केल्यावर १४५ मेगाहर्ट्झला सुमारे ४०. म्हणजे शक्तीची घट मोजायच्या मापात एक डेसिबल गेला. तेवढ्याच लांबीच्या आरजी-२१३च्या टोकाला सुमारे ४५ वॉट पोचतात. पाच वॉटची बचत ऐकायला बरी वाटते. पण समोरच्या संचावरचा सिग्नलचा काटा एक घर, म्हणजे एक एस-युनिट, हलायला ६ डेसिबल लागतात, आणि इथे फरक जेमतेम अर्ध्या डेसिबलचा आहे. ऐकणाऱ्याला तो कळणारही नाही.

४३५ मेगाहर्ट्झवर चित्र थोडं बदलतं. तिथे पाच मीटर आरजी-५८ दोन डेसिबलच्या आसपास खाते, ५० वॉटचे ३० च्या थोडे वर उरतात. तिथे एलएमआर-२४० शोभते; जाडीने आरजी-५८हून जेमतेम एक मिलिमीटर जास्त आणि लॉस मात्र आरजी-२१३च्या जवळपास. आरजी-१७४ची पाच मीटर लांबी या बँडवर निम्मी शक्ती गिळते, त्यामुळे ती वितीच्या हिशेबातच वापरावी.

[दृश्य: मागचा दरवाजा उघडतो, मिटतो. रबराच्या पट्टीखाली केबल. पुन्हा उघडतो, मिटतो]

केबलची परीक्षा या दरवाजात होते. घरच्या अँटेनाची केबल एकदा बसवली की जागची हलत नाही. गाडीतली केबल दरवाजाखाली दबते, बिजागरीपाशी वाकते, गालिच्याखाली पायाने तुडवली जाते, उन्हात तापलेल्या छताला चिकटून राहते. आणि इंजिन चालू असेपर्यंत थरथरते.

वाकवण्याचा ढोबळ नियम असा: स्थिर जागी वळणाची त्रिज्या केबलच्या जाडीच्या निदान पाचपट हवी, हलत्या जागी दहापट. आरजी-२१३ला हलत्या जागी दहा सेंटिमीटरची त्रिज्या लागते. बिजागरीजवळ एवढी जागा कुठून आणणार? बघा, हात तिला दाबून बसवतोय आणि ती पुन्हा पुन्हा वर येतेय.

[दृश्य: दोन मधल्या तारा. एक अखंड, एक बारीक तारांची पिळलेली]

मधली तार अखंड असेल तर अशा वाकण्याने ती एक दिवस आतल्या आत तुटते. आरजी-५८च्या सी प्रकारात एकोणीस बारीक तारा पिळलेल्या असतात. त्यातल्या एकदोन तुटल्या तरी बाकीच्या काम निभावतात. एलएमआर-२४० घेतानाही हे विचारायचं, कारण तिच्या साध्या प्रकारात मधली तार अखंड आहे. पिळलेल्या तारांचा लवचिक प्रकार वेगळा मिळतो, आणि त्याचा लॉस थोडा जास्त असतो. तो सोसावा. फेसाळ प्लॅस्टिकची आणखी एक खोड आहे. ते तापलं आणि केबल घट्ट वळवलेली असली, तर मधली तार हळूहळू एका बाजूला सरकत जाते.

म्हणून दरवाजातून जाणाऱ्या वीतभरासाठी बारीक, लवचिक केबलचा तुकडा आणि आत गेल्यावर जाड केबल, असं करणारे बरेच आहेत. चालतं. पण प्रत्येक जोडासोबत दोन कनेक्टर वाढतात, आणि गाडीत बिघाड बहुधा तिथूनच सुरू होतो. त्यापेक्षा छताला १९ मिलिमीटरचं भोक पाडून एनएमओ माउंट, म्हणजे अँटेना फिरवून बसवायची बैठक, बसवलेला केव्हाही चांगला. केबल छताच्या अस्तरातून खाली येते, दरवाजाचा संबंधच उरत नाही. भोक पाडायला हिंमत लागते, एवढं खरं.

[दृश्य: कामाचं टेबल. दोन हात, पीएल-२५९ कनेक्टर, रिड्यूसर, सोल्डरिंग आयर्न]

आता या फिल्मचा सगळ्यात लांब प्रसंग. मुद्दामच लांब ठेवलाय.

आधी कनेक्टरची बाहेरची फिरती कडी केबलवर ओवायची. नंतर आठवली तर सगळं उलगडावं लागतं. मग रिड्यूसर, म्हणजे तोंड लहान करणारी नळी, कारण पीएल-२५९चं तोंड जाड केबलसाठी बनलेलं आहे. आता काळं आवरण गोल कापायचं, पातं जाळीला न लागता. जाळीच्या तारा टोकदार काडीने मोकळ्या करायच्या, वेणी उलगडावी तशा, आणि रिड्यूसरवर उलट्या पसरून जास्तीच्या कापायच्या. पांढरं प्लॅस्टिक सोलताना मधल्या बारीक तारांना ओरखडासुद्धा नको. ओरखडा आला तर ते टोक कापून पुन्हा सुरुवात.

[दृश्य: कनेक्टरच्या भोकांपाशी कानस. पांढुरक्या मुलाम्याखालून पितळ उघडं पडतं]

निकेलचा मुलामा सोल्डर नीट धरत नाही, म्हणून भोकांच्या कडा कानसायच्या. चांदीचा मुलामा असेल तर ही कटकट नाही. आणि आता घाई. कथिल-शिशाचं सोल्डर १८३ अंशांच्या आसपास वितळतं, केबलमधलं पांढरं प्लॅस्टिक, म्हणजे पॉलिथिलीन, त्याच्या बरंच आधी. लहान आयर्न घेतलं तर कनेक्टरचा धातू सगळी उष्णता पिऊन टाकतो, आपण टेकवून बसतो आणि तेवढ्यात आतलं प्लॅस्टिक मऊ होतं. म्हणून जाड टोकाचं, चांगलं तापलेलं आयर्न घ्यायचं. टेकवा, सोल्डर भोकात वाहू द्या, काढा. आता हात लावू नका. निवू द्या.

[दृश्य: मल्टिमीटर. एक हात केबल हलवतोय]

मधल्या पिनपासून मधल्या पिनपर्यंत जोड आहे. जाळीपासून जाळीपर्यंत आहे. पिन आणि जाळी यांच्यात नाही. हीच तपासणी केबल हलवत पुन्हा करायची. टेबलावर बरोबर आलेली केबल गाडीत दगा देते ती बहुतेकदा हे हलवणं टाळल्यामुळे. मग ऐन गरजेला रेडिओ मुका राहतो.

[दृश्य: ॲनालायझरचा पडदा. केबलचं दुसरं टोक उघडं, काहीही जोडलेलं नाही]

एसडब्ल्यूआर म्हणजे अँटेनाकडून किती शक्ती परत येते ते सांगणारा आकडा. तो खाली आला की लोक खूश होतात. इथे केबलच्या टोकाला अँटेना नाही, काहीच नाही. केबल चांगली असती तर आकडा आकाशाला भिडला असता. दिसतोय मात्र ३, कारण या जुन्या केबलचा लॉस ३ डेसिबलवर गेलाय. जायला निम्मी शक्ती, परतीच्या वाटेवर उरलेल्यातली निम्मी, म्हणून मीटरला परत आलेली शक्ती कमी दिसते. अँटेना जोडला तर आकडा आणखी गोड येईल.

[दृश्य: त्याच केबलचं आवरण चिरतात. हिरवट-काळी जाळी]

पाणी. पीएल-२५९ पाणी अडवत नाही, आणि एकदा कनेक्टरमधून आत गेलेलं पाणी जाळीच्या तारांमधून वर चढत जातं.

[दृश्य: छतावर माउंट. टेप गुंडाळणारे हात, खाली केबलचा झोल]

स्वतःला स्वतः चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळायची, खालून वर, म्हणजे प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर चढतो आणि पाणी ओघळून जातं. माउंटखाली केबलला छोटा झोल द्यायचा. लांबी उरली तर तिचं भेंडोळं सीटखाली कोंबू नका, कापा. एसडब्ल्यूआरसाठी अमुक फूट केबलच हवी, हा समज जुना आहे. अँटेना ५० ओहमवर नीट जुळलेला असेल तर लांबीने तो आकडा सुधारत नाही, लॉस तेवढा वाढतो. काम संपलं की दोन्ही टोकांचे वॉट आणि एसडब्ल्यूआर कागदावर लिहून ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवा. पुढच्या तपासणीला संचाच्या तोंडाशी तेवढेच वॉट असून दुसऱ्या टोकाचे घटले आणि एसडब्ल्यूआर आपोआप ‘सुधारला’, तर अँटेनाला हात लावण्याआधी केबल सोडवून बघा.