गोकाकचा गेंडा आणि व्हेलचा घोटा

नमस्कार मंडळी. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, जिकडं कुठं रेडिओ लावलाय तिकडच्या सगळ्यांना नमस्कार. आज बोलूया उत्क्रांतीवर, म्हणजे जीव हळूहळू बदलत आले याचा पुरावा जीवाश्मांत, दगड झालेल्या हाडांत, कसा दिसतो त्यावर.

गोकाकला धबधबा बघायला आपण सगळेच जातो, येताना करदंट घेतो, पण त्याच गोकाकजवळ गेंडा सापडलाय हे किती जणांना माहितीये? जिवंत नव्हे हो, जीवाश्म. रॉबर्ट ब्रूस फूट म्हणून ब्रिटिश भूवैज्ञानिक होते, सर्व्हेच्या कामाला आपल्या भागात फिरायचे, त्यांना जुन्या गाळात जबड्याचे तुकडे, दात मिळाले आणि 1874 साली त्यांनी त्याला ‘रायनोसेरॉस डेक्कनेन्सिस’ असं नाव देऊन टाकलं. आज गेंडा बघायचा तर काझीरंगा गाठायला लागतं, म्हणजे आपल्याकडंबी कधीतरी गवत आणि पाणी बख्खळ असणार की नाही!

आता कोण म्हणेल, एक गेंडा सापडला म्हणून उत्क्रांती कशी काय सिद्ध झाली? बरोबर आहे, एकट्या हाडानं काय होत नाही. खरी गंमत कुठलं हाड कुठल्या थरात मिळतं त्यात आहे. इकडं लोकापूर, बागलकोटच्या बाजूला जो जुना चुनखडीचा दगड आहे ना, कलादगीचा, तो 100 कोटी वर्षांहून जुना, त्यात गोल गोल रेघा दिसतात, त्या सूक्ष्मजीवांनी एकावर एक थर चढवत केलेल्या, स्ट्रोमॅटोलाइट म्हणतात त्यांना. त्यात मासा नाही, पान नाही, हाड तर नाहीच. मग पुष्कळ नंतर, साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी, आपला काळा दगड लाव्हा होऊन वाहत आला, आणि दोन लाव्हांच्या मधल्या काळात जी तळी साचली त्यांच्या गाळात दख्खनभर गोड्या पाण्याच्या गोगलगायी मिळतात. आणि गेंडा? तो अगदी वरच्या, परवाच्या म्हणावं अशा गाळात. कलादगीच्या चुनखडीत कुणाला गेंड्याचा एक दात जरी मिळाला तरी सगळ्या पुस्तकांची वाट लागेल, पण असलं काय अजून जगात कुठंच मिळालेलं नाही.

जीवाश्मांच्या या रेकॉर्डमध्ये भोकं आहेत, ते तर आहेच. मेलेलं जनावर गाळात पटकन गाडलं गेलं तरच टिकतं, नाहीतर कोल्हीकुत्री खातात, ऊनपाऊस खातो. म्हणून ‘जुन्या आणि नव्या जनावराच्या मधला दुवा दाखवा’ म्हणणारे जोरात असतात. त्यांना मी व्हेल दाखवतो.

व्हेल म्हणजे सस्तन प्राणी, पिल्लाला दूध पाजणारा, मग त्याचे पूर्वज जमिनीवरचे असणार हे उघड होतं, पण पाय कुठं गेले? उत्तर आपल्याच उपखंडात निघालं. पाकिस्तानात पाकिसेटस, सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वीचा, चार पायांवर चालणारा, पण कान व्हेलचा. 2001 मध्ये त्याच्या घोट्याचं हाड जगासमोर आलं. मटण खाणाऱ्यांनी बकऱ्याच्या मागच्या पायाच्या सांध्यातलं ते लहान हाड आठवा, दोन्ही टोकांना कप्पीसारखी खाच असते बघा, गायीगुरांत, हरणांतबी तसंच असतं. पाकिसेटसचं अगदी तेच! म्हणजे व्हेल बकऱ्याच्या गोतातला निघाला.

आणि जम्मूतल्या कालाकोटची गोष्ट तर भारीच. रंगा राव नावाच्या आपल्या भूवैज्ञानिकांनी तिथनं आणलेले दगड ते गेल्यावर तसेच पडून होते, त्यांच्या पत्नीनं ते अमेरिकेतले जीवाश्मतज्ज्ञ थेविसेन यांना दिले, आणि तिथं साफ करताना एक कवटी चुकून फुटली. आत कानाच्या हाडाची भिंत जाड, फक्त व्हेलमध्ये असते तशी, आणि जनावर मात्र मांजराएवढं, हरणासारखं बारीक पायांचं. इंडोह्यूस, 2007 साली जाहीर झालं. हा व्हेलचा आजोबा नव्हे हां, चुलत घराणं. पुढं कच्छमध्ये आखूड पायांचे, पाण्यात रमलेले व्हेल मिळतात, आणि इजिप्तच्या वाळवंटात बॅसिलोसॉरस, अंग 15 मीटरच्या वर आणि मागचे पाय माणसाच्या हाताएवढेबी नाहीत. पाय असून चालता येत नाही, असलं जनावर!

तर मंडळी, विहीर खणताना, नाल्याच्या काठाला गाळात दगड झालेलं हाड किंवा दात दिसला तर लगेच उकरून, धुवून शोकेसमध्ये ठेवू नका. आधी जागेवरच फोटो काढा, किती फुटांवर, कसल्या मातीत होतं ते लिहा, आणि जवळच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या सरांना, मॅडमना बोलवा. थर कुठला ते कळलं नाही तर त्या हाडाची निम्मी गोष्ट गेलीच म्हणून समजा.