आधी आठवडाभर पेनड्राइव्हवर

मंडळी, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. म्हणजे सहाव्या पिढीचा आय-थ्री, ८ जीबी रॅम असलेला धडधाकट संगणक नियमाने बाद ठरतो. केळीचा हिशेब, मुलांचा अभ्यास, सातबाऱ्याच्या पीडीएफ, एवढ्या कामाला तो अजून सात-आठ वर्षं सहज पुरेल. तो भंगारात घालू नका.

माझं मुख्य सांगणं एकच आहे. विंडोजऐवजी चालणारी लिनक्स ही मोफत प्रणाली बसवायची घाई करू नका, आधी डिस्कला हात न लावता आठवडाभर पेनड्राइव्हवरून चालवा. बहुतेकांचं बिनसतं ते याच ठिकाणी. पहिल्याच दिवशी डिस्क साफ करतात आणि नंतर कळतं की वायफायच लागत नाही.

लिनक्सचे बरेच प्रकार आहेत, सुरुवातीला लिनक्स मिंट घ्या. ८ जीबी रॅम असेल तर त्याची सिनॅमन आवृत्ती, ४ जीबी असेल तर हलकी एक्सएफसीई. रॅम २ जीबीच असेल तर अँटीएक्स हा आणखी हलका प्रकार. फाइल साधारण ३ जीबीची असते आणि आपल्याकडे बऱ्याच घरांत मोबाइलचा रोजचा दीड-दोन जीबी डेटा हेच इंटरनेट. म्हणून ब्राउझरने न उतरवता टॉरेंटने (तुकड्यातुकड्याने फाइल उतरवणाऱ्या प्रोग्रामने) उतरवा. आज अर्धी, उद्या अर्धी, मध्ये लाइट गेली तरी जिथे थांबली तिथून पुढे सुरू होते. शिवाय टॉरेंट प्रत्येक तुकडा तपासूनच घेतं. ब्राउझरने घेतली असेल, तर सेव्हन-झिप बसवून फाइलवर उजवी क्लिक करा, एसएचए-२५६ (फाइल जशीच्या तशी आली का ते सांगणारा आकडा) काढा आणि मिंटच्या संकेतस्थळावरच्या आकड्याशी जुळवा. फाइल खराब असली की इन्स्टॉलेशन मध्येच अडकतं, आणि दोष मात्र लिनक्सच्या माथी येतो.

१६ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, यूएसबी ३ चा असला तर उत्तम. त्यावर व्हेंटॉय बसवा, म्हणजे पेनड्राइव्हवरून प्रणाली सुरू करून देणारा प्रोग्राम. बसवताना पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं, हे लक्षात ठेवा. नंतर उतरवलेली मिंटची फाइल (तिला आयएसओ म्हणतात) नुसती कॉपी करायची. एकाच ड्राइव्हवर मिंट, डेबियन, एमएक्स असे लिनक्सचे बरेच प्रकार ठेवता येतात. संगणक सुरू होताना डेल, लेनोव्होला एफ-१२, एचपीला एफ-९ दाबून बूट मेनू (कुठून सुरू व्हायचं ते विचारणारी यादी) काढा आणि पेनड्राइव्ह निवडा. सिक्युअर बूट (अनोळखी प्रणाली सुरू होऊ न देणारी सोय) चालू असेल तर पहिल्यांदा निळा पडदा येतो, ‘व्हेरिफिकेशन फेल्ड’ म्हणतो. इथे लोक घाबरून संगणक बंद करतात. काही बिघडलेलं नसतं. ओके करा, मग ‘एनरोल की फ्रॉम डिस्क’ निवडा, व्हेंटॉयच्या विभागातली की-फाइल दाखवा, कंटिन्यू, येस, रीबूट. पुन्हा विचारत नाही.

आता तपासणी. वायफाय, आवाज, माइक, कॅमेरा बघा. लॅपटॉप झाकून पुन्हा उघडा आणि झोपेतून नीट उठतो का ते बघा. काही ब्रॉडकॉम कार्डांना ड्रायव्हर वेगळा लागतो. मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा आणि ड्रायव्हर मॅनेजरमधून तो घ्या. पडदा काळाच राहिला तर मिंट सुरू होतानाच्या मेनूतला कम्पॅटिबिलिटी मोड वापरा. प्रिंटरवर एक पान छापूनच बघा. ऑफिसांत आणि झेरॉक्सच्या दुकानांत दिसणारा कॅनन एलबीपी २९०० इथे डोकं खातो, त्याचा ड्रायव्हर वेगळा बसवावा लागतो. मराठी इन्स्क्रिप्ट (देवनागरी टायपिंगची मांडणी) कीबोर्डच्या सेटिंगमधून जोडा, अहिराणी लिहायलाही तोच चालतो. कृतीदेव, श्रीलिपीतल्या जुन्या फाइली मात्र तो फॉन्ट नसेल तर अगम्य दिसतील. त्या युनिकोडमध्ये बदलून ठेवा. आणि पेनड्राइव्हवर सगळं थोडं संथ चालतं, त्यावरून वेगाचा निकाल देऊ नका.

टॅली किंवा फक्त विंडोजवर चालणारं काही लागत असेल तर विंडोज ठेवून शेजारी लिनक्स बसवा. बसवण्याआधी फोटो, हिशेब दुसऱ्या डिस्कवर घ्या. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) चालू असेल तर रिकव्हरी की कागदावर उतरवा. मग कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये फास्ट स्टार्टअपची खूण काढा. ती राहिली तर विंडोज खऱ्या अर्थाने बंदच होत नाही, आणि लिनक्समधून डिस्कचा विंडोजचा विभाग फक्त वाचता येतो, लिहिता येत नाही. लिनक्ससाठी तो विभाग लहान करायचं काम विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटने करा, ६० जीबी मोकळी करा. हे आणि इन्स्टॉलेशन इन्व्हर्टरवर किंवा चार्ज बॅटरीवरच. विभाग लहान होत असताना वीज गेली तर डेटा जाऊ शकतो, आणि भारनियमन विचारून येत नाही. मे महिन्यात भुसावळकडच्या उन्हात हे दुपारी करू नका, सकाळी करा.

इन्स्टॉलरला एसएसडीच दिसत नसेल तर बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) बहुधा इंटेल आरएसटी किंवा व्हीएमडी ही डिस्क हाताळायची पद्धत चालू असते. ती एकदम एएचसीआय या साध्या पद्धतीवर नेली तर विंडोज उठत नाही. आधी विंडोज सेफ मोडमध्ये उठेल असं लावा, मग बदला. ‘इरेज डिस्क’ हा पर्याय विंडोज ठेवायचं असेल तर चुकूनही निवडू नका.

दोन्ही बसवल्यावर हमखास दिसणारी गोष्ट घड्याळाची. सकाळी दहा वाजता विंडोजमध्ये साडेचार दाखवतं. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ लिहितं, विंडोज तीच स्थानिक समजतं, म्हणून बरोबर साडेपाच तासांचा फरक. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’ ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत द्या, फरक मिटतो.

हायकू, रिॲक्टओएस, फ्रीडॉस या आणखी काही प्रणालीही मोफत आहेत आणि बघण्यासारख्या आहेत, पण त्या व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकाच्या आत दुसरा संगणक चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) चालवा. रिॲक्टओएस अजून अल्फा, म्हणजे कच्च्या, अवस्थेत आहे, त्यावर हिशेब ठेवू नका.

आणि एखाद्या मोठ्या अपडेटनंतर संगणक थेट विंडोजमध्ये उठला तर लिनक्स गेलं असं समजू नका. फक्त क्रम बदललेला असतो. बायोसच्या बूट ऑर्डरमध्ये ‘उबुंटू’ नाव वर आणा. मिंटची नोंद तिथे त्याच नावाने असते.