नाण्यावरचा पुसलेला भाऊ

नमस्कार श्रोतेहो! आज रोमन सम्राटांच्या चेहऱ्यांबद्दल बोलूया, पण सोन्याच्या नाण्यांवरच्या नाही, तांब्या-पितळेच्या चिल्लरवरच्या. कारण सोनं फिरायचं श्रीमंतांच्या हातात, बाजारात पाव घेणाऱ्या बाईला सम्राट दिसायचा तो या चिल्लरवरच. सेस्टर्शियस हे पितळेचं मोठं नाणं, साधारण 25 ग्रॅमचं, त्यामुळे चेहरा कोरायला भरपूर जागा. नीरोची नाणी ओळीने लावून बघा, कोवळ्या पोराची जाडजूड मानेचा माणूस होईपर्यंतची सगळी वर्षं दिसतात.

आता मला सांगायचीय ती गोष्ट. सम्राट सेप्टिमियस सेव्हेरस 211 साली इंग्लंडातल्या यॉर्कला वारला आणि राज्य दोन मुलांकडे आलं, काराकाला आणि गेटा. भावाभावांचं अजिबात पटेना, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात काराकालाने गेटाला मारवलं, तेही आईच्या कुशीत, तो तिला बिलगलेला असताना! गेटा फक्त 22 वर्षांचा. तेव्हाचा इतिहासकार डिओ लिहितो की त्या आईला, ज्युलिया डोम्नाला, पोरासाठी रडायचीही सोय नव्हती. मग हुकूम निघाला, गेटाचं नाव पुसा, चेहरा पुसा. आजच्या तुर्कस्तानातल्या स्ट्रॅटोनिकियाच्या नाण्यांवर दोघे भाऊ समोरासमोर होते, तिथे गेटाला घासून काढलं. नाणं तेच, काराकाला तसाच, आणि तो बघतोय समोरच्या सपाट तांब्याकडे. मला तो फोटो बघितला की दरवेळी गलबलून येतं.

आपल्याकडेही चेहऱ्यावर ठसा मारलाय बरं का, नाशिकजवळ जोगळटेंभीला 1906 साली शक राजा नहपानाची 13,000 च्या वर चांदीची नाणी सापडली, त्यातल्या बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःची चिन्हं उमटवलीत. पण तो जिंकलेल्या शत्रूचा चेहरा होता, सख्ख्या भावाचा नाही.

आणि हात जोडून सांगते, जुनं नाणं मिळालं तर चिंचेने घासू नका! तांब्याचा हंडा घासा, नाणं नको. तो हिरवा-तपकिरी थर गेला की नाकडोळ्यांचे बारकावेही जातात. खरंच नका घासू.

तर गेटा. हुकूम निघाला तरी रोमच्या टांकसाळीतली त्याची नाणी सगळी काही हाती लागली नाहीत, ढिगाने उरली, आणि शेवटच्या वर्षांतल्या नाण्यांवर तो दाढीवाला दिसतो, थेट वडिलांसारखा.