गुरुवार, दुपारी बारा

निवेदन – अंतिम मसुदा

[दृश्य: प्लासा दे ला व्हिर्जेन. गर्दी, वर धरलेले मोबाइल, कॅथेड्रलचा दरवाजा.]

गुरुवार. बाराला पाच कमी. स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया शहराच्या कॅथेड्रलसमोर जमलेल्या या गर्दीत निम्मे पर्यटक आहेत आणि बाकीचे त्यांना जागा सांगणारे. प्रेषितांच्या मूर्तींचा हा दरवाजा चौदाव्या शतकातला. त्यांच्या पायाशी लोखंडी कठडा, कठड्याच्या आत लाकूड आणि चामड्याच्या जुन्या खुर्च्या. खुर्चीवर माणसाचं नाव नाही, कालव्याचं आहे.

[दृश्य: मिकालेत मनोऱ्याची घंटा. काळ्या अंगरख्यातली माणसं येऊन बसतात. निवेदन नाही, फक्त आवाज.]

हे पाण्याचं न्यायालय. वकील नाही, लेखी अर्ज नाही, सगळं तोंडी. अंगावरचा काळा सैल अंगरखा म्हणजे इथल्या शेतकऱ्याचा जुना पेहराव, न्यायाधीशाचा झगा नव्हे. कारण बसलेले सगळे शेतकरीच आहेत. तुरिया नदीच्या पाण्यावर नऊ पाणीसंस्थांची शेतं भिजतात. त्यांनी निवडून दिलेले आठ जण न्यायाला बसतात. स्वतःची जमीन स्वतः कसणारा असेल तरच निवडून येता येतं. नुसत्या सातबाऱ्यावर भागत नाही.

उभा आहे तो पुकारा करणारा शिपाई. त्याच्या हातातल्या पितळी आकड्याकडे बघा. शोभेचा वाटतो, पण मूळचा कामाचा आहे. कालव्याच्या दारातल्या फळ्या ओढायला असाच आकडा लागतो. तो एकेका कालव्याचं नाव घेतो आणि विचारतो, कुणावर तक्रार आहे का?

[दृश्य: पुकारा. शांतता. पुन्हा पुकारा. मंडळी उठतात. गर्दीतला एक माणूस हातातल्या घड्याळाकडे बघतो.]

झालं. बहुतेक गुरुवारी एवढंच होतं. तक्रारच नसते. पर्यटक हिरमुसतात, आणि मला दर वेळी गंमत वाटते. भांडण झालं नाही म्हणून नाराज होणारं प्रेक्षकवर्ग दुसऱ्या कुठल्या कोर्टाला लाभला असेल असं वाटत नाही.

[दृश्य: मोबाइलवरचा व्हिडिओ कॉल. चेहरा दिसत नाही, फक्त हात आणि चहाचा कप.]

मी पाणी व्यवस्थापन शिकायला इथल्या पॉलिटेक्निक विद्यापीठात आले. घर धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठी. पहिल्या गुरुवारचं चित्रीकरण आबांना पाठवलं. स्पेन कसं आहे, थंडी आहे का, जेवतेस का, यातलं काही न विचारता ते म्हणाले, "आणि दंड भरला नाही तर?"

या फिल्मचा बराचसा भाग म्हणजे आबांना दिलेली उत्तरं आहेत.

तर, उत्तर. पाळी नसताना दार उघडलं, पाट फोडला, गाळ काढला नाही, शेजाऱ्याच्या वाफ्यात पाणी घुसवलं, असे गुन्हे. तक्रार झाली की पाटाचा रखवालदार निरोप देतो: पुढच्या गुरुवारी दारापाशी या. दोन्ही बाजू तोंडी बोलतात, व्हॅलेन्सियन भाषेत. बोलायची पाळी कुणाची हे अध्यक्ष पायाच्या टोकानं दाखवतात. ज्या कालव्याचा खटला, त्या कालव्याचा प्रतिनिधी निकालात तोंड उघडत नाही. आरोपी नदीच्या उजव्या तीराचा असेल तर निकाल सुचवायचा डाव्या तीराच्या लोकांनी, आणि उलट. निकाल तिथल्या तिथे. अपील नाही. दंड ज्या त्या कालव्याच्या नियमावलीप्रमाणे, आणि तो चुकवणाऱ्याचं पाणी तोडायचा अधिकार पूर्वापार आहे.

आबा म्हणाले, "मग भरत असतील."

[दृश्य: चौकातलं कारंजं. आडवा पहुडलेला पुरुष, भोवती घागरी घेतलेल्या आठ मुली.]

चौकातल्या या कारंज्यापाशी सगळे फोटो काढतात. पहुडलेला पुरुष म्हणजे तुरिया नदी. भोवतालच्या आठ मुली म्हणजे तिचे आठ कालवे.

[दृश्य: विद्यापीठाच्या मागचा रस्ता, ट्राम, मग एकदम शेतं. सायकलवरून घेतलेलं चित्रीकरण.]

विद्यापीठाची आवारभिंत संपली, रिंगरोड ओलांडला, की शहर तुटतं. पुढे ही काळी, सपाट, भुसभुशीत जमीन. कांदे, कोबी, आर्टिचोक, अधूनमधून ताडाचं एकटं झाड. हिला म्हणतात हुएर्ता. आपण मळा म्हणू. फरक इतकाच, की हा मळा शहराच्या तिन्ही अंगांनी पसरलेला आहे आणि याचं पाणी सुमारे हजार वर्षं एकाच पद्धतीनं वाटलं जातंय.

पद्धत अरबी अमदानीतली. १२३८ मध्ये आरागॉनचा राजा जाउमे पहिला यानं व्हॅलेन्सिया जिंकलं. राज्य बदललं, मशिदीच्या जागी कॅथेड्रल आलं, पण पाण्याला त्यानं हात लावला नाही. पुढच्याच वर्षी फर्मान काढलं, की कालवे शहरवासीयांचे आणि पाणी घ्यायचं ते मुसलमानांच्या काळी जसं घेत होते तसंच. न्यायालय दाराबाहेर भरतं याचं एक कारणही लोक हेच सांगतात: मुसलमान शेतकऱ्यांना आत पाऊल टाकता येत नव्हतं आणि त्यांच्यावाचून निकाल होत नव्हता. १६०९ मध्ये त्यांच्या वंशजांना देशाबाहेर हाकललं. १७०७ मध्ये राजा पाचव्या फिलिपनं व्हॅलेन्सियाचे जुने कायदे रद्द केले. न्यायालय दोन्हींतून टिकलं. १९७८ च्या राज्यघटनेनं रूढीनं चालत आलेल्या न्यायालयांना जागा दिली, २००९ मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव आलं. तेव्हा या नऊ संस्थांचे सभासद होते ११,६९१.

[दृश्य: पाटाचं विभाजन. पाण्यातून वर आलेली दगडी धार. कॅमेरा अगदी जवळ.]

आता हे नीट बघा. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात देखणी वस्तू ही आहे, आणि हिच्यासमोर एकही पर्यटक नव्हता.

पाटाच्या मधोमध एक दगडी पाचर. इथले लोक तिला जीभ म्हणतात. वरून येणारं पाणी तिच्या टोकाला आपटतं आणि दोन पाटांत विभागतं. झडप नाही, मीटर नाही. टोक कुठे बसवायचं हे एकदा ठरलं की वाटा ठरला. नदीला पाणी भरपूर असो की पायाचे घोटे भिजण्याइतकं, निम्मं म्हणजे निम्मंच. लिटरमध्ये कुणालाच शब्द दिलेला नाही, दिलाय तो हिश्श्याचा. त्यामुळे दुष्काळ आला की सगळ्यांना सारखा येतो. दगडाच्या टोकावरचं शेवाळ दोन्ही बाजूंना सारखं वाढलंय. आमच्या प्राध्यापकांनी वर्गात यावर दोन तास समीकरणं मांडली. इथे उभं राहिलं तर मिनिटभर पुरतं.

[दृश्य: शेतकरी दाराची फळी वर ओढतो. पाणी सरीत शिरतं.]

फळी फुगलेली, खाचा पडलेली, पकडायच्या जागी गुळगुळीत. ती वर उचलली आणि पहिल्या सरीचं तोंड त्यांनी फावड्यानं मोडलं, तेव्हा माझ्या हातातला कॅमेरा हलला. दिसतंय ते तसंच ठेवलंय.

आमच्याकडे हीच कामं फड पद्धतीत होती. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर लहान लहान बंधारे, बंधाऱ्याखालच्या जमिनीचे तीन-चार फड, एका फडात एकच पीक. पाण्याचे निर्णय पंचांचे. आणि एक गोष्ट व्हॅलेन्सियापेक्षा कडक: शेतकऱ्यानं स्वतः पाण्याला हात लावायचाच नाही. दारं धरायची ती पाटकऱ्यानं, सगळ्यांच्या शेतात. पिकाची राखण जागल्याकडे. त्यांचा मोबदला धान्यात. पुढे नद्यांवर वरच्या अंगाला धरणं झाली, विहिरी वाढल्या, पुष्कळ फड बंद पडले.

[दृश्य: अल्बोराया. चुफाचं शेत, मग मूठभर चुफा, मग पेला.]

हे अल्बोराया, मळ्यातलंच गाव. लव्हाळ्यासारखं दिसणारं हे पीक चुफा. आपण शेतात नागरमोथा दिसला की उपटतो, त्याच्या गोतातलं. मुळाशी हरभऱ्याएवढे गड्डे धरतात. ते भिजवायचे, वाटायचे, गाळायचे, साखर घालून थंडगार प्यायचे. म्हणजे ओर्चाता. सोबत फार्तोन, लांबोळका गोड पाव, पेल्यात बुडवायला. दुकानातली आजी माझ्याकडे बघत राहिली, कारण मी पाव बुडवला आणि तो तुटून आत पडला. तिनं काही न बोलता चमचा पुढे केला.

[दृश्य: अल्बुफेरा सरोवर, भातखाचरं, नाव.]

शहराच्या दक्षिणेला अल्बुफेरा. सरोवर आणि समुद्र यांच्यामध्ये वाळूचा पट्टा, पट्ट्यातून काढलेल्या वाटांना दारं. दारं कधी उघडायची यावर सरोवराची पातळी ठरते, आणि पातळीवर भात. संध्याकाळचा नौकाविहार सगळ्यांना आवडतो. मलाही आवडला.

[दृश्य: संत्र्याच्या लाकडाचा जाळ. पाएलाची कढई. वाफ.]

रविवारी दुपारी जेवायला बोलावलं म्हणजे पाएला. पाएला हे मूळ कढईचं नाव, सपाट, रुंद, दोन कानांची. आधी कोंबडी आणि ससा तेलात परतायचा. (आईला मी फक्त कोंबडी सांगितली आहे.) मग चपट्या हिरव्या शेंगा, गर्रोफो नावाचा पांढरा मोठा पावटा, टोमॅटो, पाणी, केशर, शेवटी तांदूळ. तांदूळ पडला की ढवळायचं नाही. मी उलथनं उचललं आणि तिघांनी एकदम हात धरला. कांदा घालायचा की नाही यावर इथे घरं फुटतात. चोरिसोचं, म्हणजे स्पॅनिश सॉसेजचं, नाव तर काढूच नये. भात शिजत आला की जाळ वाढवून तळाला खरवड धरू देतात. तिला सोकार्रात म्हणतात आणि तिच्यावर सगळ्यांचा डोळा असतो.

[दृश्य: वरून घेतलेलं चित्र. कढई, भोवती लाकडी चमचे.]

ताटं नाहीत. सगळे कढईभोवती. प्रत्येकानं आपल्यासमोरचा त्रिकोण खायचा, काठापासून मध्यापर्यंत. शेजारच्या त्रिकोणात चमचा घालायचा नाही. नको असलेला तुकडा मध्यभागी सरकवायचा, ज्याला हवा त्यानं घ्यावा. हे मला कुणी समजावून सांगितलं नाही. मला सांगायची गरजही पडली नाही.

[दृश्य: मार्च. धूर, आवाज, रस्ताभर माणसं. निवेदन नाही, फक्त आवाज.]

फायास. नवरात्र-गणपती एकत्र केले तर जे होईल ते. मंडळं, वर्गणी, गल्लीगल्लीत मांडव, महिनोन्‌महिने खपून केलेल्या राजकारण्यांच्या आणि नटनट्यांच्या टिंगलीच्या मूर्ती, काही तर इमारतीएवढ्या. १ ते १९ मार्च रोज दुपारी दोन वाजता नगरपालिकेच्या चौकात मास्क्लेता. भर उन्हात उडवलेले फटाके, कारण बघायचं काहीच नाही, ऐकायचं आहे. लय हळूहळू चढते, शेवटचा मिनिट छातीत वाजतो.

[दृश्य: फुलांचा मोर्चा, रेशमी पोशाखातल्या मुली. मग रात्र. आग.]

सतरा आणि अठराला बायका-मुली फुलं घेऊन त्याच चौकात येतात, जिथे गुरुवारी न्यायालय भरतं. फुलांचं भलंमोठं वस्त्र मेरीमातेला चढतं. एकोणिसाला, संत जोसेफच्या दिवशी रात्री, सगळं जाळून टाकतात. जनतेच्या मतानं निवडलेली एखादी मूर्ती तेवढी वाचवून संग्रहालयात ठेवतात. जुन्या काळी सुतार वसंताच्या तोंडावर कामाच्या दिव्याचा लाकडी खांब आणि भंगार लाकूड जाळायचे, तिथून हे आलं असं सांगतात. २०१६ मध्ये यालाही युनेस्कोनं यादीत घेतलं.

माझं लक्ष मात्र इकडे होतं. डावीकडे बघा: अग्निशमन दलाची माणसं आगीवर नाही, शेजारच्या घरांच्या भिंतींवर पाणी मारताहेत. आग पूर्ण जळू द्यायची आणि घरं ओली ठेवायची.

[दृश्य: तुरियाचं जुनं पात्र. झाडं, धावणारी माणसं, पूल.]

शहराच्या मधून जाणाऱ्या या बागेत नदी होती. १४ ऑक्टोबर १९५७ च्या पुरानंतर ती शहराच्या दक्षिणेकडून वळवली. कोरड्या पात्रातून महामार्ग काढायचा बेत होता. लोक रस्त्यावर आले: पात्र आमचं आहे, आम्हाला ते हिरवं हवं. म्हणून सुमारे नऊ किलोमीटरची ही बाग.

२९ ऑक्टोबर २०२४ च्या पुरात नव्या पात्रामुळे मुख्य शहर वाचलं, पलीकडची गावं बुडाली, प्रांतात २२० हून अधिक माणसं गेली. त्या दिवसांत मी फावडं घेऊन पुलापलीकडे चालत जात होते. चित्रीकरण नाही.

[दृश्य: हिवाळा. रिकामा पाट, छोटं खोदयंत्र, बूट घातलेली माणसं गाळ काढताहेत.]

आबांचा शेवटचा प्रश्न होता, "गाळ कोण काढतं?"

पाणी बंद करून पाट रिकामा करतात. ज्याच्या शेताला जो लहान पाट लागून, तो त्याचा त्यानं साफ करायचा, नाही केला तर गुरुवारी दारापाशी उभं राहायचं. मोठ्या कालव्याचं काम संस्थेचं. खर्च जमिनीच्या मापानं, पाण्याचा हिस्सा जसा तशी पट्टी. मंडळी दहा वाजता थांबून पाव, ऑम्लेट आणि थोडी वाइन घेतात, तेही चित्रीकरणात होतं, लांबीमुळे काढावं लागलं.

आबांनी ही क्लिप गावातल्या ग्रुपवर टाकली. खाली पहिला प्रतिसाद आला, मग आपल्या पाटाचं काय? रविवारी उतरायचं ठरलंय. ट्रॅक्टर कुणाचा आणि डिझेल कुणाचं, यावर अजून वाद चालू आहे.